रकाना सतरावा

दसरा चौकातून चालत सात मिनिटांवर,
झेरॉक्सच्या दुकानावरची खोली.
पूर्वी इथं टायपिंगचा क्लास चालायचा,
कुठलं बोट कुठं ठेवायचं
त्याचा तक्ता भिंतीवर अजून आहे.
तिथं दर शुक्रवारी आम्ही चौघं बसतो.

मृणालिनी नेजदार, मूत्रपिंडाच्या डॉक्टर.
पद्मराज मगदूम, आकड्यांचे.
रेहाना मुजावर, सव्वीस वर्षं
लोकांच्या शिरा शोधत आलेली.
आणि मी,
फॉर्म भरून घेणारा,
म्हणजे गावोगावच्या उंबऱ्यांवर चपला काढणारा.

प्रश्न एकच होता.
गगनबावड्याच्या वाटेवरचे लोक
डायलिसिसला येतात,
चार तास बसायचं तर
साडेतीनलाच म्हणतात, सुया काढा.
का?

पद्मराजनी वय घेतलं, शिक्षण घेतलं,
उत्पन्न, पिवळं कार्ड, केशरी कार्ड,
सगळं एकमेकांना भागून पाहिलं.
उत्तर येईना.
डॉक्टरांच्या केसपेपरवर मात्र ते होतं,
लाल शाईत, तीन वर्षांपूर्वीपासून:
सहकार्य करत नाहीत.

मग वीज गेली एका शुक्रवारी.
संगणक बंद, पंखा बंद.
रेहानानं गठ्ठा ओढला,
मोबाईलच्या उजेडात वाचायला लागली
सतरावा रकाना: इतर.
दोन ओळींची जागा. मीच भरलेली, उभ्या-उभ्या,
आणि मीच विसरलेली.

"साडेपाचची गाडी हाय बगा.
ती हुकली की मग उजाडतंय."
हौसाबाई गुरव, असळज.
पुढचा कागद: गाडी.
पुढचा: रंकाळा स्टँडपतोर चालवत न्हाई, रिक्षाला पैसं.
पुढचा: पोरगा न्यायला येतो, पण मोटरसायकलवर चक्कर येते.
पुढचा: यष्टी.
अकरा वेळा.
पद्मराज अंधारातच बोटांवर मोजत होते.

डॉक्टर म्हणाल्या,
"दुपारची पाळी दीडला लावतो आपण."
नंतर बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.
खाली झेरॉक्सवाला जनरेटर ओढत होता,
एक-दोन-तीन, सुरू होईना.

त्याच गठ्ठ्यात आणखी एक निघाला,
कसबा बावड्याचे धोंडीराम चौगले विचारतात,
"दिवसाला पाणी किती त्ये सांगितलासा.
पांडरा रस्सा पान्यात धरायचा का जेवनात?"
आम्ही हसलो.
मग रेहानानं आहाराचा छापील कागद काढला,
त्यावर होतं, सूप टाळावे.
सूप!
आमच्यातल्या एकालाही
आठवेना, आपल्या घरी ते शेवटचं कधी केलं होतं.
गुऱ्हाळं सुरू झालीत,
रसाच्या वासातून रोज घरी जाणाऱ्या माणसाला
तहानेचं काय करायचं
हे कुठल्याच पानावर नव्हतं.

एसटीच्या डेपोला पत्र दिलं.
विचाराधीन आहे, असं उत्तर आलं.
तोवर रेहाना शहरातल्या पेशंटांच्या दारात गेली,
सकाळची पाळी द्याल का, म्हणून.
राजारामपुरीचे एक भांडीवाले म्हणाले, घ्या की,
मला काय, रिक्षानं पाच मिनिटं.
दोघांनी दार लावून घेतलं.
अकरापैकी सहा जणांची सोय झाली.
हौसाबाई त्या सहात नाहीत.
हे मुद्दाम लिहून ठेवतो,
कारण अहवालात "बहुतांश" असा शब्द पडलाय.

नव्या फॉर्मात पद्मराजनी
इतर हा रकाना पहिला घेतला.
अख्खं कोरं पान, रेघासुद्धा नाहीत.
डॉक्टर आता स्वतः येतात माझ्याबरोबर,
चपला काढतात, जमिनीवर बसतात,
आणि पेन उघडायची घाई करत नाहीत.

काल साळवणात एका आजोबांना विचारलं,
काय हवंय तुम्हाला, काहीही सांगा.
ते आमच्याकडं बघत राहिले,
हातावरची फुगलेली शीर चोळत.
मग म्हणाले,
"जेवलासा न्हवं?"

मी तेच लिहिलं.
शुक्रवारी पद्मराज चष्मा कपाळावर सरकवून
कितीतरी वेळ त्या पानाकडं बघत होते.
"याला कोड काय द्यायचा?"